नर्सिंगला नंबर लागला नाही, म्हणून बी.एस्सी. करू का?

प्रिय ताई,

मी कागल तालुक्यातल्या एका गावात राहते. यंदा बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झाले आणि बी.एस्सी. नर्सिंगची सीईटी दिली. कोल्हापूर आणि जवळपासच्या चार कॉलेजांचे पर्याय भरले होते, पण एकाही फेरीत माझा नंबर लागला नाही. उत्तरतालिका पाहून हिशोब केला, तेव्हा जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र बरे गेले होते. इंग्रजी आणि नर्सिंगची कल चाचणी या दोन भागांत मात्र फार गुण गेले. गेल्या वर्षी आजीचे खुब्याचे हाड मोडले, तेव्हा मी तिच्याजवळ कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात राहिले होते आणि तेव्हाच नर्स होण्याचे ठरवले होते. आता वडील म्हणतात, बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीला नाव घाल, पदवी हातात असली की पुढे नर्सिंग करता येईल. काका म्हणतात, बी.ए. करून भरतीची तयारी कर. एक मैत्रीण सहा महिन्यांच्या नर्सिंगच्या कोर्सला गेली आहे, ती मलाही बोलावते आहे. आईने सगळ्या पाहुण्यांना मी नर्स होणार म्हणून सांगून ठेवले होते. आता प्रत्येक जण नंबर लागला का म्हणून विचारतो आणि घराबाहेर पडावेसे वाटत नाही. हाताशी असावी म्हणून दुसरी पदवी घ्यावी, की एक वर्ष थांबावे?

तुमची वाचक

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या वडिलांच्या एका वाक्यापासून सुरुवात करते, कारण घरातला सगळा विचार त्याच वाक्यावर उभा आहे आणि ते वाक्य बरोबर नाही. आपल्याकडे मायक्रोबायोलॉजीची किंवा दुसरी कोणतीही सर्वसाधारण पदवी घेतलेल्या मुलीला नर्सिंगच्या अभ्यासक्रमात वरच्या वर्षाला प्रवेश मिळत नाही. काही परदेशांत पदवीधरांसाठी नर्सिंगचा वेगळा, कमी मुदतीचा अभ्यासक्रम असतो. तसे ऐकून कोणी वडिलांना सांगितले असेल, तर ती सोय येथे नाही. तीन वर्षे बी.एस्सी. करून तू पुन्हा नर्सिंगकडे वळलीस, तर तीच सीईटी द्यावी लागेल, बारावीचेच विषय पुन्हा वाचावे लागतील आणि पहिल्या वर्षापासून पुढची चार वर्षे काढावी लागतील. म्हणजे एकूण सात वर्षे झाली. पुण्याची एसटी चुकली म्हणून समोर लागलेल्या रत्नागिरीच्या गाडीत बसावे आणि तिकडून पुणे गाठू असे म्हणावे, तसा हा प्रकार आहे. रत्नागिरीला जाण्यात वाईट काही नाही. फक्त ज्याला रत्नागिरीलाच जायचे आहे, त्याने त्या गाडीत बसावे.

म्हणून मायक्रोबायोलॉजीचा विचार नर्सिंगची पायरी म्हणून करू नकोस. तो विषय स्वतःच्या बळावर चांगला आहे आणि आपल्या जिल्ह्यात त्याला कामही आहे. दूध संघांच्या गुणवत्ता तपासणीच्या प्रयोगशाळा, अन्नप्रक्रिया उद्योग, औषध कंपन्या आणि पॅथॉलॉजी लॅब येथे त्या पदवीचा उपयोग होतो, आणि एम.एस्सी. केले तर अध्यापनाची वाटही उघडते. पण त्या कामात माणूस समोर नसतो. त्याच्या रक्ताचा, दुधाचा किंवा पाण्याचा नमुना समोर असतो. तू पत्रात आजीविषयी जे लिहिले आहेस, त्यात सूक्ष्मजीवांविषयीचे कुतूहल मला कोठे दिसले नाही. ते खरोखर असेल, तर मन लावून तो विषय घे आणि नर्सिंगचा विचार सोडून दे. नसेल, तर तीन वर्षे त्यात घालवण्याचे कारण एवढेच उरते की कोणी विचारले तर सांगायला काहीतरी असावे.

आता नंबर का लागला नाही, ते नीट पाहू, कारण पुढचे उत्तर त्यातूनच निघते. या सीईटीत १०० प्रश्न असतात आणि भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंगचा कल या पाचही भागांना प्रत्येकी २० गुण असतात. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. म्हणजे ज्या दोन भागांत तुझे गुण गेले, ते दोन भाग मिळून ४० गुणांचे आहेत, आणि बारावी विज्ञानाच्या मुलींनी नेमक्या ह्याच दोन भागांकडे दुर्लक्ष केलेले असते, कारण क्लासमध्ये सगळा जोर भौतिक, रसायन आणि जीवशास्त्रावर असतो. इंग्रजीचे व्याकरण, उतारा वाचून उत्तरे देणे आणि रुग्णसेवेच्या साध्या प्रसंगांत कसे वागावे यासंबंधीचे प्रश्न हा काही महिन्यांच्या नियमित सरावाने सुधारणारा भाग आहे. भौतिकशास्त्र कच्चे असते, तर मी इतक्या सहजपणे हे लिहिले नसते.

दुसरे कारण तू जाता जाता लिहून गेली आहेस, पण माझ्या मते तेच मोठे आहे. तू चारच कॉलेजांचे पर्याय भरलेस. राज्याच्या सीईटी कक्षामार्फत होणारी ही प्रवेशप्रक्रिया संपूर्ण महाराष्ट्रासाठी असते. मुंबई-नागपूरच्या सरकारी नर्सिंग कॉलेजांपासून लहान जिल्ह्यांतल्या खासगी कॉलेजांपर्यंत कितीतरी नावे यादीत असतात आणि ती पसंतीच्या क्रमाने भरता येतात. घरापासून एसटीच्या पासावर जाता येईल एवढ्याच अंतरातली कॉलेजे निवडायची, असे घरात ठरले असणार, हे मी गृहीत धरते. कागलहून असा विचार होणे अस्वाभाविकही नाही. मात्र मग नंबर लागला नाही याचा अर्थ तुझी पात्रता कमी पडली असा लावून घेणे चुकीचे ठरते. गुण थोडे कमी होते आणि यादी फारच आखूड होती. यातली दुसरी गोष्ट बदलणे तुझ्या घरच्यांच्या हातात आहे.

वडिलांशी बोलताना मुलीला लांब पाठवण्याची भीती खोटी आहे, असे म्हणू नकोस; ती खरी आहे. त्याऐवजी वसतिगृहाची माहिती पुढे ठेव. नर्सिंगच्या विद्यार्थिनींना पाळीने वॉर्डात जावे लागते, त्यामुळे बहुतेक नर्सिंग कॉलेजांना स्वतःचे वसतिगृह असते आणि तेथे वॉर्डन, हजेरी आणि बाहेर जाण्याच्या वेळा यांची शिस्त बऱ्यापैकी कडक असते. एखाद्या कॉलेजात वडिलांना घेऊन जा, वॉर्डनशी त्यांना स्वतःला बोलू दे. खर्चाचा प्रश्न निघेल, तेव्हा आणखी एक गोष्ट त्यांना सांग. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून राज्य शासनाने व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या इतर मागास, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुलींचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे. त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असावे लागते. व्यवस्थापन कोट्यातून किंवा अभिमत विद्यापीठात घेतलेल्या प्रवेशाला ही सवलत नाही. म्हणून एखादा एजंट घरी येऊन डोनेशन भरा, जागा लगेच मिळवून देतो असे सांगू लागला, तर त्याला चहा पाजून परत पाठवावे. एक वर्ष थांबून यादीतून मिळालेली दूरची जागा कित्येकदा डोनेशन भरून घेतलेल्या जवळच्या जागेपेक्षा खूपच स्वस्त पडते.

तुझ्या पत्रात एका वाटेचा उल्लेखच नाही, याचे मला आश्चर्य वाटले. जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी, म्हणजे सगळे ज्याला जीएनएम म्हणतात तो तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम, हीसुद्धा नर्सिंगचीच पूर्ण वाट आहे. जीएनएम उत्तीर्ण मुलीची महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी होते आणि सरकारी रुग्णालयांतल्या अधिपरिचारिका पदांसाठी ती अर्ज करू शकते. पुढे दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग केले की पदवीही मिळते. हिशोब मांडून पाहा: एक वर्ष थांबून चार वर्षांचे बी.एस्सी. केलेस तर पाच वर्षे लागतात. आज जीएनएमला गेलीस आणि पुढे पोस्ट बेसिक केलेस तरी पाचच वर्षे लागतात, आणि त्यातल्या तिसऱ्या वर्षाअखेर तुझ्या हातात नोंदणी आणि नोकरीची पात्रता आलेली असते. फरक नाही असे मात्र नाही. एम्सच्या परिचारिका भरतीसाठी बी.एस्सी. नर्सिंगच्या मुलीला अनुभवाची अट नसते, तर जीएनएमच्या मुलीला किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. आणि अध्यापनाकडे किंवा एम.एस्सी.कडे जायचे असेल, तर सरळ पदवी सोयीची पडते. नोकरी लवकर हवी असलेल्या घरातल्या मुलीला मी जीएनएमच सांगेन. यंदाच्या जीएनएमच्या प्रवेशाचे वेळापत्रक आणि शिल्लक जागा या आठवड्यातच पाहून घे, आणि ज्या संस्थेत जायचे तिला राज्य परिचर्या परिषदेची मान्यता आहे याची खात्री परिषदेच्या यादीतूनच कर. संस्थेच्या फलकावरून करू नकोस.

तुझी मैत्रीण गेली आहे त्या सहा महिन्यांच्या कोर्सविषयी मी मुद्दाम स्पष्ट लिहिते. अशा कोर्सनंतर परिचर्या परिषदेची नोंदणी मिळत नाही, आणि नोंदणीशिवाय कोणीही कायद्याने परिचारिका होत नाही. लहान दवाखान्यांत मदतनीस म्हणून काम मिळते, पांढरा कोट मिळतो आणि रुग्ण सिस्टर म्हणून हाकही मारतात. पण पगार मदतनिसाचाच राहतो आणि ती वर्षे पुढे कोठेही धरली जात नाहीत. मैत्रिणीला घराला तातडीने हातभार लावायचा असेल, तर तिचा निर्णय तिच्यापुरता योग्य असू शकतो. तुझी अडचण वेगळी आहे.

काकांच्या सूचनेवर मी फार लिहीत नाही. ज्या मुलीला भरतीची तयारी करायची इच्छा नाही, तिने ती दुसरे काही सुचले नाही म्हणून करू नये.

जीएनएमलाही यंदा जागा मिळाली नाही, तर पुढच्या सीईटीपर्यंत काय करायचे, हा प्रश्न उरतो. नुसते घरी बसण्यापेक्षा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला नाव घालून शेजारी सीईटीचा अभ्यास करणे बऱ्याच घरांना सोयीचे वाटते. मी त्याला विरोध करत नाही. त्याने दिवसाला आकार येतो आणि पाहुण्यांच्या प्रश्नाला उत्तर मिळते. फक्त ते एक वर्षापुरते आहे, हे वडिलांसमोर आधी बोलून घे. प्रॅक्टिकल, जर्नल आणि सत्र परीक्षा यांत वर्ष कसे जाते ते कळत नाही, आणि दुसऱ्या वर्षाला आल्यावर आता एवढे झालेच आहे तर पूर्ण कर, असे घरातले सगळे म्हणू लागतात. शिवाय दुसरीकडे प्रवेश मिळाला, तर कॉलेजकडून दाखला परत घ्यावा लागेल आणि शिवाजी विद्यापीठाचे स्थलांतर प्रमाणपत्रही लागेल, कारण राज्यातली नर्सिंग कॉलेजे साधारणपणे नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असतात. ते करायचे नसेल आणि वर्ष मोकळे ठेवून अभ्यास करायचा असेल, तर पुढच्या वर्षी शिक्षणात पडलेल्या खंडाचे (गॅपचे) प्रतिज्ञापत्र जोडून काम भागते; एक वर्ष थांबल्याने तुझी पात्रता जात नाही.

एक गोष्ट मात्र या वर्षात जरूर करून पाहा. आजीची सेवा केलीस ते खरे आहे, पण तेथे एकच रुग्ण होता आणि तो तुझ्या मायेचा होता. सिस्टरच्या वाट्याला अख्खा वॉर्ड येतो. त्यात खेकसणारे रुग्ण असतात, नातेवाइकांच्या तक्रारी असतात, रात्रपाळ्या असतात, मलमूत्र आणि जखमा असतात, आणि प्रत्येक औषधाची वेळेवर केलेली लेखी नोंद असते. सीपीआरमध्ये तुला ज्या सिस्टर ओळखीच्या झाल्या असतील, त्यांच्यापैकी एखादीला ड्युटी संपल्यावर भेट आणि नोकरीतली पहिली दोन वर्षे कशी गेली ते विचार. पगार, बदल्या, लग्नानंतर सासरच्यांनी रात्रपाळी कशी स्वीकारली, हेही विचार. आई-वडिलांच्या मनात तोच प्रश्न असतो आणि तो ते तुझ्यासमोर बोलत नाहीत. ते ऐकूनही तुझे मन तेथेच राहिले, तर वडिलांशी बोलताना तुझ्या शब्दांना आपोआप वजन येईल.

पाहुण्यांच्या प्रश्नांचा त्रासही तू लिहिला आहेस. आईलाच सांग की, यंदा नंबर लागला नाही, पुन्हा परीक्षा देणार आहे, एवढे एक वाक्य तिने सगळ्यांना सांगावे. प्रश्न विचारणाऱ्याला एकदा सरळ उत्तर मिळाले की तो बहुधा दुसऱ्याच्या मुलीच्या चौकशीला लागतो.

शेवटी कागदांविषयी. तू प्रवर्गातून अर्ज करणार असशील, तर जात पडताळणी आणि नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र आत्ताच तपासून घे. नॉन-क्रिमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते आणि जुने प्रमाणपत्र जोडल्यामुळे चांगले गुण असलेल्या मुलीसुद्धा खुल्या यादीत ढकलल्या जातात. नवे प्रमाणपत्र एप्रिल लागताच काढ. जूनमध्ये तहसील कार्यालयाच्या सेतू केंद्रात किती गर्दी असते, हे तू यंदा पाहिलेच असशील.

तुझी,
ताई