बर आली का? सुरीच्या धारेबद्दल तुमचे प्रश्न

या वेळचे प्रश्न वाचताना एक गंमत लक्षात आली, निम्म्याहून जास्त लोकांचं दुखणं एकच आहे, फक्त प्रत्येकाने ते वेगळ्या शब्दांत लिहिलंय. म्हणून तो प्रश्न पहिला घेते आणि त्यावर जरा जास्त बोलते, बाकीचे मग भराभर. नवख्यांसाठी एवढंच, स्टोन म्हणजे धार लावायचा दगड, आणि त्यावरचा आकडा जितका मोठा तितके त्याचे कण बारीक.

ताई, १००० च्या स्टोनवर अर्धा तास घासली, मग ३००० वर, मग ६००० वर. पातं आरशासारखं चमकतंय पण टोमॅटोवर सुरी नुसती घसरते. स्टोन खराब निघाला का?

स्टोनला काही झालेलं नाही हो. तुम्ही धारेपर्यंत पोचलाच नाहीत. धार म्हणजे काय, तर पात्याचे दोन बाजूंचे उतार जिथे भेटतात ती रेघ. सुरी बोथट होते म्हणजे ती रेघ झिजून गोल होते. तुम्ही दोन्ही उतार घासलेत पण ते एकमेकांना भेटायच्या आधीच थांबलात, मधली गोल कड जशीच्या तशी आहे, आणि पुढच्या दोन स्टोनांनी त्या न भेटलेल्या उतारांना फक्त पॉलिश केलं. चमक आणि धार यांचा फारसा संबंध नसतो.

उतार भेटले हे कळायची खूण म्हणजे बर. वर्कशॉपमध्ये काम केलेल्यांना हा शब्द माहीत असेल, बाकीच्यांसाठी सांगते: एका बाजूने घासत घासत तुम्ही अगदी कडेपर्यंत पोचलात की तिथलं लोखंड इतकं पातळ होतं की ते पलीकडच्या बाजूला किंचित वळतं, तीच बर. डोळ्याला दिसेलच असं नाही, पण बोटाला लागते. ज्या बाजूने घासताय त्याच्या उलट्या बाजूला, पात्याच्या पाठीकडून कडेकडे अंगठा हलकेच सरकवत कडेबाहेर न्या, शेवटी काहीतरी अडकल्यासारखं, खरखरीत लागेल. अंगठा आडवाच न्यायचा, धारेच्या लांबीवरून कधीही फिरवायचा नाही. बोटाला कळत नसेल तर कापसाचा बोळा तसाच फिरवा, बर असेल तिथे कापसाचे तंतू अडकतात.

आणि ही बर टाचेपासून, म्हणजे मुठीजवळच्या भागापासून, टोकापर्यंत सलग यायला पाहिजे. मध्ये आली, टोकाला नाही आली, तर टोक अजून बोथट आहे, तिथेच घासा. एका बाजूने पूर्ण बर आली की मगच सुरी उलटायची, दुसऱ्या बाजूनेही तसंच, आणि हे सगळं पहिल्याच स्टोनवर. तोपर्यंत ३००० ला हात लावायचा नाही. पार मेलेल्या सुरीला यात अर्धा-पाऊण तास जाऊ शकतो, नुकत्याच उतरलेल्या धारेला पाच मिनिटंही पुरतात. मी स्वतः शिकताना कित्येक महिने स्ट्रोक मोजत बसायचे, या बाजूने पन्नास, त्या बाजूने पन्नास, अगदी व्रत घेतल्यासारखं, आणि सुरी ढिम्म. लोखंडाला आकडे कळत नाहीत.

अजून एक, सुरी धार वर करून दिव्याखाली धरा. कडेवर कुठे पांढरी चमकती रेघ किंवा ठिपका दिसला तर तिथे कड सपाट आहे, प्रकाश परत फेकतेय. खऱ्या धारेवर प्रकाशाला टेकायला जागाच नसते.

१५ डिग्री म्हणतात, २० डिग्री म्हणतात, पण हातात सुरी घेतल्यावर ते मोजायचं कसं? माझा हात हलतो.

सगळ्यांचा हलतो. हे डिग्री म्हणजे पातं आणि स्टोन यांच्यातला कोन. साधारणपणे युरोपियन पद्धतीच्या जाड, थोड्या मऊ सुऱ्यांना एका बाजूने २० च्या आसपास, जपानी पद्धतीच्या पातळ आणि कडक सुऱ्यांना १५ किंवा त्याहून थोडं कमी. मोजायला कोनमापक नको. पातं ४५ मिलिमीटर रुंद असेल तर १५ डिग्रीला पाठ स्टोनपासून साधारण १२ मिलिमीटर वर राहते, २० डिग्रीला १५ च्या जरा वर. पातं अरुंद असेल तर उंचीही त्या प्रमाणात कमी. एवढ्या जाडीचं काहीतरी पाठीखाली धरून एकदा बघून घ्या, हाताला अंदाज येतो.

पण यापेक्षा भारी उपाय मार्करचा. पर्मनंट मार्करने दोन्ही उतार कडेपर्यंत रंगवा, दोन-तीन स्ट्रोक मारा आणि बघा. शाई फक्त वरून गेली, कडेला राहिली, म्हणजे पाठ खाली पडलीय, जरा उचला. कडेची गेली आणि वरची राहिली, म्हणजे पाठ फार वर आहे. सगळी एकसारखी गेली की तोच तुमच्या सुरीचा आत्ताचा अँगल, तोच धरून चला, तो १७ आहे की १९ याने काही बिघडत नाही.

हात हलण्याबद्दल: मनगट घट्ट ठेवा आणि हालचाल खांद्यातून, कोपरातून येऊ द्या. ज्या भागावर काम चाललंय त्याच्या बरोबर वर डाव्या हाताची दोन-तीन बोटं टेकवा, डावखुरे असाल तर उलट. एक-दोन डिग्रीची हालचाल सगळ्यांकडून होते, त्याने उतार जरासा फुगीर होतो, कापायला काही अडत नाही. पाच-सात डिग्री हलत असेल तर मात्र वेग कमी करा, घाईने काहीच लवकर होत नाही इथे.

धार लागते, कागद सर्रकन कापला जातो, आणि दुसऱ्या दिवशी परत बोथट. असं का?

हा प्रश्न मला फार आवडला कारण हे लोक पहिली पायरी चढलेत. बर आणलीत, छान, पण ती काढली नाहीत. ती कडेवर सरळ उभी राहिली असेल तर काही वेळ अगदी वस्तऱ्यासारखी कापते, कागद काय, हातावरचे केसही उडवते, आणि मग पाटावर चार वेळा आपटली की वाकते किंवा तुटते आणि खाली उरते ती बोथट कड. मऊ स्टेनलेसची बर तर भलती चिवट असते, या बाजूने घासली की त्या बाजूला, त्या बाजूने घासली की इकडे, नुसती लोळत राहते.

उपाय म्हणजे दाब कमी करणं, आणि खरंच कमी. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर स्टोन ठेवून एकदा बघा, बर आणताना माझा दाब दीड-दोन किलोचा असतो, शेवटी शेवटी पाव किलोच्याही खाली, म्हणजे जवळपास सुरीचंच वजन. धार पुढे ठेवून, जणू स्टोनचा पातळ पापुद्रा काढायचाय अशा रीतीने, एकदा या बाजूने एकदा त्या बाजूने, असे आठ-दहा हलके स्ट्रोक. तरी बर लागत असेल तर पाठ किंचित उचलून दोन्ही बाजूंनी अगदी अलगद दोन-दोन स्ट्रोक, तिथे ती सुटते. मग चामड्याच्या पट्ट्यावर, इथे मात्र उलटं, पाठ पुढे आणि धार मागे ओढत न्यायची, नाहीतर चामडं कापाल. पट्ट्यावर हिरवी पेस्ट लावतात ती क्रोमियम ऑक्साइडची, असली तर उत्तम, नसली तरी कोरं चामडं चालतं. बर निघाली का ते बघायला त्याच कापसाने दोन्ही बाजू तपासा.

पहिला स्टोन कुठला घेऊ? सेटमध्ये चार-पाच येतात.

सेट घेऊ नका. एक १००० चा घ्या, किंवा ८०० ते १२०० मधला कुठलाही, आणि त्याच्यावरच दोन-तीन महिने काढा. १००० वर बर आणून नीट काढलेली सुरी रोजच्या कामाला पुरते, भाज्यांची सालं तर ती फार पॉलिश केलेल्या धारेपेक्षा चांगली पकडते. नंतर वाटलं तर ३०००, आणि दाते पडलेल्या सुऱ्या दुरुस्त करायच्या असतील तर ४०० च्या खालचा एक. ८००० वगैरे हौसेचा भाग आहे, मला पण आहे ती हौस, नाकारत नाही. आकड्यांची एक गफलत होते ती सांगते, वॉटर पेपरवरचा (म्हणजे पाण्यासोबत वापरायच्या पॉलिश पेपरवरचा) १००० आणि जपानी स्टोनवरचा १००० एकच नाही, मोजायच्या पद्धती वेगळ्या आहेत, त्यामुळे दोन प्रकारांतले आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका.

स्टोन रात्रभर पाण्यात ठेवला आणि त्याला तडा गेला!

वाईट झालं. सगळे स्टोन भिजवायचे नसतात. काही सच्छिद्र असतात, ते दहा-पंधरा मिनिटं, बुडबुडे थांबेपर्यंत पाण्यात ठेवायचे. काही नुसतं वरून पाणी शिंपडून वापरायचे. आणि ज्यांचे कण मॅग्नेशियाने बांधलेले असतात ते जास्त वेळ पाण्यात राहिले की मऊ पडतात, तडकतात, बहुतेक तुमचा तसाच असावा. बॉक्सवर लिहिलेलं असतं, पण आपण बॉक्स आधी फेकतो. वापरून झाल्यावर स्टोन सावलीत, हवेशीर जागी उभा करून वाळवा, उन्हात नको. तेलाचा स्टोन असेल तर त्याला तेलच, एकदा तेल प्यालेल्या स्टोनवर पाणी नीट बसत नाही, आणि तेही मिनरल ऑइल, खायच्या तेलाचा चिकट थर बसून स्टोन बुजतो.

घासताना वर जो काळपट चिखल जमतो तो पुसू नका, त्यात स्टोनचे सुटे कण असतात आणि तेही काम करत असतात. फारच घट्ट झाला तर दोन थेंब पाणी.

मधला भाग मस्त कापतो, टोक आणि टाच बोथट राहतात.

दोन कारणं असू शकतात. टोकाकडे धार वर वळते, तिथे मूठ तशीच ठेवून ओढलं तर कड स्टोनला टेकतच नाही. टोकाकडे जाताना कोपर थोडं उचला, थोडंच, मार्कर लावून किती ते ठरवा. दुसरं कारण स्टोन स्वतः. मधेच घासून घासून त्याला खड्डा पडतो. पेन्सिलने स्टोनवर उभ्या-आडव्या रेघा मारा आणि सपाट काचेवर १२० चा वॉटर पेपर ठेवून पाण्यासोबत घासा. मधल्या रेघा राहिल्या म्हणजे खड्डा आहे, सगळ्या जाईपर्यंत घासा. हिऱ्याची पूड बसवलेली डायमंड प्लेट असेल तर अजून सोपं. हे मी दर दोन-तीन वापरांनंतर करते, वर्षातून एकदा करायला गेलात तर अख्खी संध्याकाळ जाईल.

स्टीलचा रॉड आहे, मग स्टोन कशाला?

रॉड वाकलेली धार सरळ करतो, थोडंफार घासतोही, पण झिजून गोल झालेली कड परत आणत नाही. कडकपणाच्या रॉकवेल मापावर ५६ च्या आसपासच्या मऊ सुऱ्यांना तो छान, रोज दोन-चार हलके हात फिरवा. ६० च्या वरच्या कडक सुरीवर खाचांचा स्टील रॉड मात्र नको, ती वाकत नाही, तिचे बारीक टवके उडतात. तिला चामडं, किंवा फारच झालं तर गुळगुळीत सिरॅमिक रॉड.

करवतीसारख्या दात्यांची ब्रेडची सुरी?

सपाट स्टोनवर नाही होत. निमुळता डायमंड किंवा सिरॅमिक रॉड घेऊन एकेक खाच, ज्या बाजूला उतार आहे त्याच बाजूने, आणि मागून बर काढायला एक हलका हात. कंटाळवाणं काम आहे.

बाहेर मशीनवर धार लावून आणली, तेव्हापासून कडेला निळसर डाग आहे आणि तिथे धार टिकतच नाही.

जळली ती. सुरीचं पोलाद कडक करून झाल्यावर बऱ्याचदा १५० ते २०० सेल्सियसच्या दरम्यान टेंपर केलेलं, म्हणजे ठिसूळपणा कमी करायला पुन्हा हलकं तापवलेलं, असतं, आणि साध्या कार्बन स्टीलवर निळा रंग दिसला म्हणजे तापमान ३०० च्या आसपास गेलं होतं. कडेचं लोखंड इतकं पातळ असतं की कोरड्या, जोरात फिरणाऱ्या चाकावर ते क्षणात तापतं आणि मऊ पडतं. नंतर पाण्यात बुडवून कडकपणा परत येत नाही. जेवढा भाग जळलाय तेवढा जाडसर स्टोनवर, भरपूर पाणी घेऊन, झिजवून काढावा लागेल. डाग एक-दोन मिलिमीटरचा असेल तर ते करा, सुरी वाचेल. फक्त एवढं झिजवल्यावर धारेमागचा भाग जाड उरतो, म्हणून आधी सुरी जास्त आडवी, दहा डिग्रीच्या आसपास धरून दोन्ही गाल, म्हणजे धारेच्या वरच्या पात्याच्या बाजू, थोडे पातळ करून घ्या, मग नेहमीच्या अँगलला या.

किती दिवसांनी धार लावायची?

टोमॅटोच्या सालीवर सुरी घसरली की त्या दिवशी. काचेचा किंवा दगडी पाट वापरत असाल तर आठवड्यातच घसरेल, आधी तो बदला.