'प्रोन': पालथा, उतरता की प्रवण?

एका माहितीपत्रकात 'रुग्णाला प्रवण स्थितीत झोपवावे' असं वाक्य होतं. ही स्थिती कोणती आणि इंग्रजी 'प्रोन'ला 'प्रवण' हा प्रतिशब्द बरोबर आहे का, असा प्रश्न आला आहे.

स्थितीचं सोपं आहे: पालथं. 'प्रोन' म्हणजे पालथा, 'सुपाइन' म्हणजे उताणा. नेमबाजीत गुडघ्यावर बसून, पालथं पडून आणि उभं राहून नेम धरतात, त्यातली पालथी तऱ्हा ती प्रोन. कोरोनाच्या काळात 'प्रोनिंग' घरोघरी पोहोचलं तेही हेच. पालथं झोपवलं की फुप्फुसांच्या पाठीकडच्या भागावरचा भार हलका होतो आणि तिथे हवा पोहोचते. भाषांतरकाराने कोशातला दुसराच अर्थ, 'एखाद्या गोष्टीकडे झुकणारा' हा, उचललेला दिसतो. 'प्रवण स्थिती' वाचून कोणता नातेवाईक रुग्णाला कुशीवरून पालथा करील?

पण चूक झाली ती गमतीची झाली. लॅटिन 'प्रोनुस' म्हणजे पुढे झुकलेला, तोंडघशी, उतरता. इंग्रजीत पूर्वी उतरत्या जमिनीलाही प्रोन म्हणत. आणि संस्कृतात 'प्रवण' म्हणजे मुळात उतारच. पाणी ज्या बाजूला आपसूक धावतं ती बाजू. दोन्ही भाषांनी उतारावरून स्वभावाकडे जायची एकच वाट धरली. म्हणूनच अपघातप्रवण, पूरप्रवण, भूकंपप्रवण हे शब्द इतके चपखल बसले.

अडचण पुढे येते. इंग्रजीत प्रोनच्या पुढे बहुतेक नको असलेलीच गोष्ट येते: आजार, चूक, अपघात, राग. घसरण म्हणा ना. मराठी प्रवणला असं वावडं नाही. आपण लेखाला 'विचारप्रवण' म्हणतो ते कौतुकाने, आणि कार्यकर्त्यांना 'कृतिप्रवण' करतो तेही चांगल्या हेतूने. त्यामुळे प्रोनवरून प्रवणवर आलात तर एखादे वेळी निभावेल, पण कृतिप्रवण माणसाला इंग्रजीत 'अ‍ॅक्शन-प्रोन' केलंत, तर त्याला कृती करण्याचा विकार जडला आहे असं वाटेल.

माणसांच्या बाबतीत तर प्रवण मी शक्यतो टाळतो. 'तो रागास प्रवण आहे' हे मराठी नव्हे; तो तापट आहे, झालं. आपल्याकडे ही प्रवृत्ती प्रत्ययातच मुरलेली असते: विसराळू, भांडखोर, रागीट, चिडका. 'ती डोकेदुखीला प्रवण आहे' यापेक्षा 'तिचं डोकं वरचेवर दुखतं' हे कोणालाही कळेल. 'एरर-प्रोन' पद्धतीला मी 'चुका हमखास होतील अशी पद्धत' म्हणतो. लांब आहे, मान्य. पण 'त्रुटिप्रवण'ला तोंडात घोळवून पाहा.

याच घरातला दुसरा शब्द 'इन्क्लाइन्ड'. तोही उताराचाच; शाळेच्या विज्ञानात तरफ आणि कप्पीसोबत जी 'उतरण' शिकलो ती इंग्रजीत 'इन्क्लाइन्ड प्लेन'. मात्र प्रोन माणूस घसरतो, इन्क्लाइन्ड माणूस आपणहून झुकतो. इथे मराठीत 'कल' तयारच आहे आणि तो दोन्हीकडे चालतो: छपराचा कल, मुलीचा गाण्याकडे कल. मतमोजणीच्या दिवशी तर दर तासाला 'कल' येतात. गाण्याकडे 'ओढा' म्हटलं तर मात्र उतार संपून ओढ लागते, तो जास्त जोरकस.

इन्क्लाइन्डमध्ये एक सभ्य आडपडदाही असतो, तो मात्र निसटतो. बैठकीत कोणी 'आय अ‍ॅम इन्क्लाइन्ड टु अ‍ॅग्री' म्हणालं, तर 'माझा सहमतीकडे कल आहे' असं लिहू नका. 'मला वाटतं, पटतंय' एवढं पुरे. होकार आहे, पण पाय अजून दारातच आहे. आणि 'इफ यू आर सो इन्क्लाइन्ड' म्हणजे नुसतं 'मनात आलं तर'.

माहितीपत्रकातलं ते वाक्य 'रुग्णाला पालथे झोपवावे' असं करून टाकावं.