खारफुटीवर संशोधन करायचंय, मग बारावीनंतर काय?

बडोद्याच्या दांडिया बाजारातून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगी बारावी सायन्सला, बी ग्रुप, म्हणजे गणिताऐवजी जीवशास्त्र. जंबुसरच्या किनाऱ्यावर सहलीत तिने खारफुटी पाहिली. या झाडांतल्या द्रव्यांनी वार्धक्य लांबवता येईल, असंही पुढे कुठेतरी वाचलं. आता तिला त्यातच काहीतरी करायचंय. वडिलांचा आग्रह फार्मसीचा. त्यात एका खासगी संस्थेने एक वर्षाचा ‘अँटी-एजिंग’ डिप्लोमा गळ्यात मारायला घेतलाय. आई विचारतात, यात खरंच पोट भरेल का?

ताई, नमस्कार.

लेकीला विषय चांगला सापडलाय. तिने पाहिलं ते बहुधा तिवर असणार, ज्याला तुमच्याकडे गुजरातीत चेर म्हणतात. त्याचं पान जवळून बघितलं तर त्यावर मिठाचे बारीक कण दिसतात. शोषलेलं जादा मीठ झाड पानावाटे बाहेर टाकतं. मुळं प्राणवायू नसलेल्या चिखलात, वरून रणरणतं ऊन, आणि दिवसातून दोनदा भरतीचं पाणी. अशा जगण्यात पेशींना इजा करणारे ऑक्सिजनचे आक्रमक रेणू जास्त तयार होतात. त्यांना आवरायला झाड पॉलिफेनॉल, फ्लॅवोनॉइड, टॅनिन अशी द्रव्यं बनवतं. आपल्या त्वचेचं वय वाढण्यात याच प्रकारच्या इजेचा वाटा असतो, म्हणून शास्त्रज्ञांचं खारफुटीकडे लक्ष गेलं.

पण ‘प्रयोगशाळेत सिद्ध’ या शब्दांचा अर्थ तिने आत्ताच समजून घ्यावा. नेहमीची चाचणी अशी: डीपीपीएच नावाच्या रसायनाच्या जांभळ्या द्रावणात पानांचा अर्क घालायचा. द्रावण पिवळं पडलं की अर्कात अँटिऑक्सिडंट, म्हणजे असे आक्रमक रेणू आवरण्याचा, गुण आहे. त्यापुढे कोलॅजेन, म्हणजे त्वचेला घट्ट ठेवणारं प्रथिन, तोडणाऱ्या एन्झाइमला अर्क अडवतो का ते बघतात, मग पेशींवर, मग प्राण्यांवर. माणसाचं म्हातारपण खारफुटीच्या अर्काने लांबल्याचा पुरावा आज नाही. जांभळ्याचं पिवळं तर चहानेही होतं!

द्राक्षाच्या सालीतल्या रेस्व्हेराट्रॉलचं उदाहरण तिला जरूर सांगा. 2003 मध्ये यीस्टचं आयुष्य त्याने वाढल्याचं प्रसिद्ध झालं. 2008 मध्ये ग्लॅक्सोस्मिथक्लाइन या औषध कंपनीने त्यावर काम करणारी सर्ट्रिस कंपनी 72 कोटी डॉलरला घेतली. दोनच वर्षांत रेस्व्हेराट्रॉलच्या औषधाचं काम थांबलं. आयुष्य वाढवणारी गोळी काही आली नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत: पदवी ‘अँटी-एजिंग’ची नको, रसायनशास्त्राची किंवा बायोकेमिस्ट्रीची घ्यावी. अर्कात शेकडो द्रव्यं असतात. त्यातलं नेमकं कोणतं काम करतं, ते वेगळं काढून त्याची रचना ओळखणं, हीच या क्षेत्रातली खरी विद्या आहे, आणि ती क्रोमॅटोग्राफी, एनएमआर, मास स्पेक्ट्रोमेट्री ही तंत्रं शिकल्याशिवाय येत नाही. हे ज्याला येतं त्याचं खारफुटीवाचूनही अडत नाही. औषध कंपन्यांना गुणवत्ता तपासणीसाठी हीच माणसं लागतात, आणि बडोद्यात तर अलेंबिक ही औषध कंपनी 1907 पासून उभी आहे.

घरच्या घरी सोय म्हणजे महाराजा सयाजीराव विद्यापीठ. तिथे बीएस्सी करावी, सोबत बॉटनीचे पेपर मिळाले तर उत्तमच. वडिलांचं म्हणणंही चुकीचं नाही. गुजकेट ही राज्याची प्रवेश परीक्षा देऊन बीफार्म, मग जीपॅट ही एमफार्मची प्रवेश परीक्षा आणि एमफार्ममध्ये फार्माकोग्नॉसी, म्हणजे वनस्पतिज औषधांचा अभ्यास, ही वाटही इथेच येते. बीफार्म किंवा रसायनशास्त्राच्या एमएस्सीनंतर अहमदाबादच्या नायपरचा, म्हणजे राष्ट्रीय औषधनिर्माण शिक्षण व संशोधन संस्थेचा, नैसर्गिक द्रव्यांचा अभ्यासक्रम नजरेसमोर ठेवा. भावनगरची केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्था आणि गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था या दोन्ही ठिकाणी उन्हाळी प्रोजेक्टसाठी तिने स्वतः पत्रं लिहावीत. बी ग्रुपमध्ये गणित सुटलंय, तेव्हा संख्याशास्त्र मात्र पदवीच्या पहिल्या वर्षापासून नेटाने करू दे. त्याच्याशिवाय कुठल्याही प्रयोगाचा निकाल वाचता येत नाही.

पैशांचं विचारलंत ते बरं केलंत. पीएचडीला सुमारे पाच वर्षं धरा. नेट ही राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण होऊन जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, मिळाली तर 2023 पासून महिना 37,000 रुपये आणि वर घरभाडं मिळतं, म्हणजे त्या काळात तुमच्यावर भार नाही. पक्की नोकरी मात्र उशिरा लागते. तेवढं थांबायची घराची तयारी नसेल, तर बीफार्मच बरं.

सुट्टीत ती पुन्हा किनाऱ्यावर गेली तर पाहू दे, वहीत चित्रं काढू दे, पण पानं-साली ओरबाडून आणू देऊ नका. खारफुटीला सीआरझेडचं, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या नियमांचं, संरक्षण आहे आणि संशोधक मंडळीही वनखात्याची परवानगी काढूनच नमुने घेतात.

आणि त्या डिप्लोमाचे पैसे अजून भरले नसतील तर भरू नका. अभ्यासक्रमाला मान्यता कुणाची, आणि प्रयोगशाळा कुठे आहे, हे दोनच प्रश्न त्यांना लेखी विचारा.