उसाच्या फडातली पिल्ले

प्रश्न : आमच्या जुन्नर तालुक्यात ऊसतोडीच्या वेळी बिबट्याची पिल्ले सापडतात. स्वयंसेवक म्हणून आम्ही तरुणांनी काय करावे? – एक वाचक, नारायणगाव

उत्तर : पिल्लांना हात न लावता त्या फडातली तोड थांबवावी आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे, कारण ती सहसा अनाथ नसतात, मादी जवळच दडलेली असते. माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राचे पशुवैद्यक तपासणी करतात, मग पिल्ले संध्याकाळी त्याच जागी क्रेटमध्ये ठेवली जातात आणि बहुतेकदा मादी रात्रीतून त्यांना तोंडात धरून घेऊन जाते. तुमचे काम गर्दी आवरण्याचे आहे आणि मला तेच सर्वांत मोलाचे वाटते. मोबाइल घेऊन माणसे बांधावर उभी राहिली, तर मादी फिरकत नाही किंवा बिथरून हल्ला करण्याचा धोका वाढतो. अंधार पडल्यावर मात्र स्वयंसेवकांनीही फडाजवळ थांबू नये.