लागोसला येण्यापूर्वी तेथील तरुणांची आंदोलने समजून घ्या

नमस्कार. लागोसमधील इकेजा भागातल्या एका प्लास्टिक कारखान्यात उत्पादन व्यवस्थापक म्हणून तुम्हाला बोलावणे आले आहे, सोबत वहिनी आणि नुकताच पदवीधर झालेला मुलगा येणार आहे, आणि ऑगस्ट २०२४ मधील जाळपोळीची दृश्ये पाहून घरच्यांचा जीव धास्तावला आहे, असे तुम्ही लिहिले आहे. नायजेरियातील तरुण वारंवार रस्त्यावर का उतरतात, सरकार त्यांच्याशी कसे वागते आणि त्यात परदेशी कुटुंबाला कितपत धोका असतो, हे तुमचे प्रश्न आहेत. मी बरीच वर्षे लागोसमध्ये कारखानदारीतच आहे, म्हणून सविस्तर लिहितो. यायला हरकत नाही, हे माझे मत आधीच सांगतो. मात्र धोका तरुणांच्या जमावापासून असतो ही समजूत मनातून काढूनच या. मी जे पाहिले त्यानुसार, तरुण शांतपणे बसलेले असतात तोवर शहर सुरक्षित असते, आणि त्यांना बळाने उठवले जाते तेव्हापासून पुढचे काही दिवस वाईट असतात.

मुळाशी पोलिसांचा जाच आहे. दरोडेखोरी मोडून काढण्यासाठी १९९२ मध्ये सार्स नावाचे विशेष पोलीस पथक स्थापन झाले. पुढे या पथकाचे लोक साध्या वेशात, बंदुका घेऊन, बिननंबरच्या गाड्यांतून फिरू लागले आणि हातात चांगला फोन, पाठीवर लॅपटॉपची पिशवी किंवा डोक्यावर जटा दिसल्या की त्या तरुणाला इंटरनेटवरचा ठग ठरवून अडवू लागले. फोन उघडायला लावायचा, बँकेचे संदेश वाचायचे, खात्यात पैसे दिसले तर एटीएमपर्यंत नेऊन ते काढायला लावायचे, ही त्यांची रीत होती. कोठडीतील मारहाण आणि मृत्यू यांच्या तक्रारी तर वेगळ्याच. आमच्या कारखान्यातील एक तरुण इलेक्ट्रिशियन आजही संध्याकाळी फाटकातून बाहेर पडण्याआधी व्हॉट्सॲपवरचे गटातले संदेश पुसतो, बँकेचे ॲप फोनमधून काढून टाकतो आणि सकाळी कामावर आल्यावर पुन्हा घालतो. सार्स बरखास्त होऊन वर्षे लोटली तरी त्याची ही सवय सुटलेली नाही, कारण रस्त्यावरची झडती थांबलेली नाही.

ऑक्टोबर २०२० मध्ये डेल्टा राज्यातील पोलिसांच्या एका कथित अत्याचाराचा व्हिडिओ पसरला आणि साचलेला संताप बाहेर पडला. प्राध्यापकांच्या संपामुळे सरकारी विद्यापीठे मार्चपासून बंद होती, त्यात करोनामुळे कामे गेलेली, त्यामुळे लाखो शिकलेली मुले घरी बसून होती, हेही त्या उद्रेकाचे एक कारण होते. या आंदोलनाला एक नेता नव्हता, आणि तो मुद्दाम ठेवला नव्हता, कारण नेता दिसला की त्याला उचलता येते किंवा विकत घेता येते, हे या पिढीने आधीच्या पिढ्यांकडून पाहिले होते. फेमिनिस्ट कोअलिशन या तरुण स्त्रियांच्या गटाने देणग्या गोळा केल्या, त्यांचा हिशेब जाहीर केला, आणि त्यातून जेवण, रुग्णवाहिका, पकडलेल्यांसाठी वकील अशी व्यवस्था उभी राहिली. मागण्या पाच होत्या: पकडलेल्यांची सुटका, मृतांना न्याय व भरपाई, तक्रारींच्या चौकशीसाठी स्वतंत्र मंडळ, बरखास्त पथकातील पोलिसांची मानसिक तपासणी व फेरप्रशिक्षण, आणि पोलिसांना पगारवाढ. ज्यांच्या हातून मार खाल्ला त्यांचाच पगार वाढवा असे ही मुले म्हणत होती, हे मला आजही विलक्षण वाटते, आणि त्यांना दंगेखोर म्हणणाऱ्या आपल्या काही देशबांधवांनी ही मागणी कधी वाचलीच नाही याचे वाईट वाटते.

११ ऑक्टोबरला सार्स बरखास्त झाल्याची घोषणा झाली. दोनच दिवसांत त्याच्या जागी स्वॅट हे नवे पथक जाहीर झाले, तेव्हा मुले घरी गेली नाहीत यात नवल काय? २० ऑक्टोबरचा दिवस मात्र तुम्ही नीट समजून घ्या, कारण परक्या माणसाने शिकण्यासारखे सारे त्यात आहे. लागोस राज्याचे गव्हर्नर सान्वो-ओलू यांनी दुपारच्या सुमारास चोवीस तासांची संचारबंदी जाहीर केली आणि ती त्याच दिवशी चार वाजता लागू होणार होती. लागोसची वाहतूक तुम्ही अजून पाहिलेली नाही. ज्या शहरात एरवीही घरी पोहोचायला तीन तास लागू शकतात, तेथे सगळ्यांनी एकदम घराकडे धाव घेतल्यावर पूल आणि महामार्ग गच्च झाले. अडकलेल्या लोकांमुळे मग सरकारलाच अंमलाची वेळ रात्री नऊपर्यंत पुढे न्यावी लागली. आम्ही दिवसपाळीच्या कामगारांना बाहेर सोडलेच नाही. गोदामात पुठ्ठे अंथरले, उपाहारगृहात होता तो तांदूळ आणि वाटाण्याचा डबाबंद साठा शिजवला, पुढचे दिवस सगळे आतच राहिले, आणि जनरेटरचे डिझेल पुरवून वापरण्यासाठी यंत्रे बंद ठेवून फक्त दिवे आणि पाण्याचा पंप चालू ठेवला.

त्याच संध्याकाळी लेक्की टोलनाक्यावर राष्ट्रध्वज हातात घेऊन राष्ट्रगीत गात बसलेल्या तरुणांवर लष्कराच्या जवानांनी गोळीबार केला. लागोस राज्याने नेमलेल्या, निवृत्त न्यायाधीश डोरिस ओकुवोबी यांच्या चौकशी समितीने नोव्हेंबर २०२१ मध्ये या घटनेला हत्याकांड म्हणावे असाच निष्कर्ष काढला आणि किमान ११ मृत्यूंची नोंद केली. राज्य सरकारने मृत्यूंविषयीचे ते निष्कर्ष फेटाळले आणि केंद्रीय माहितीमंत्र्यांनीही हत्याकांड झालेच नाही असे सांगितले. जुलै २०२४ मध्ये पश्चिम आफ्रिकी देशांच्या समुदायाच्या न्यायालयाने या प्रकरणी नायजेरियाने मानवी हक्कांचे उल्लंघन केल्याचा निकाल दिला. जाळपोळ, पोलीस ठाण्यांवरचे हल्ले आणि गोदामांची लूट यांचा सर्वांत मोठा भडका गोळीबारानंतरच्या दिवसांत उडाला. करोनाकाळात गरिबांना वाटायचे म्हणून आलेले धान्य आणि नूडल्सची खोकी सरकारी गोदामांत तशीच पडून होती, ती लोकांनी फोडून नेली.

त्यानंतरचा दबाव रस्त्यावर कमी आणि कागदोपत्री जास्त होता, आणि माझ्या मते तोच अधिक परिणामकारक ठरला. मध्यवर्ती बँकेने न्यायालयाकडून आदेश मिळवून आंदोलनाशी जोडलेल्या २० जणांची व संस्थांची खाती गोठवली. आंदोलन चालू असतानाच देणग्यांचा मार्ग अडवला गेल्याने मुलांनी बिटकॉइनचा आधार घेतला होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये मध्यवर्ती बँकेने अशा आभासी चलनाचे व्यवहार करणारी खाती बंद करण्यास बँकांना सांगितले. त्याच महिन्यात टोलनाका पुन्हा सुरू करण्याच्या निर्णयाविरुद्ध जमलेल्यांना पकडून नेले. जून २०२१ पासून जानेवारी २०२२ पर्यंत ट्विटरवर देशभर बंदी होती. एकीकडे राज्यघटनेच्या ४० व्या कलमात शांततेने एकत्र येण्याचा हक्क आहे, दुसरीकडे सायबर गुन्ह्यांच्या २०१५ च्या कायद्याचा उपयोग पत्रकार आणि सामान्य टीकाकारांविरुद्ध होतो. २०२४ मध्ये त्यात दुरुस्ती झाली तरी वापर थांबला नाही. मार्च २०२५ मध्ये पदवीनंतरची सक्तीची राष्ट्रसेवा करणाऱ्या एका तरुणीने महागाईवरून राष्ट्राध्यक्षांवर टीका करणारा व्हिडिओ टाकला, तर सेवायोजनेच्या अधिकाऱ्यांनी फोन करून तो काढायला दरडावल्याचे तिने जाहीरपणे सांगितले.

आता तुम्ही पाहिलेल्या ऑगस्ट २०२४ कडे येतो. मे २०२३ मध्ये अध्यक्ष टिनुबू यांनी सत्तेवर येताच पेट्रोलचे अनुदान बंद केले आणि जूनमध्ये नायरा या येथील चलनाचा दर मोकळा सोडला. पेट्रोल लिटरला दोनशे नायराच्या आतून पाचशेच्या घरात गेले आणि पुढल्या वर्षी हजाराच्या आसपास पोहोचले. जून २०२४ मध्ये महागाईचा दर ३४ टक्क्यांच्या वर आणि खाद्यपदार्थांचा ४० टक्क्यांच्या वर होता. किमान वेतन वाढवून महिना ७०,००० नायरा केले, पण त्या काळी ५० किलो तांदळाचे पोतेही तेवढ्यात येत नव्हते. केनियातील तरुणांनी जूनमध्ये करवाढ मागे घ्यायला लावल्याचे येथील मुलांनी पाहिले होतेच. १ ऑगस्टपासून दहा दिवसांचे आंदोलन ठरले. लागोसमध्ये न्यायालयाच्या आदेशाने ते ओजोटा येथील गानी फवेहिन्मी उद्यान आणि आणखी एका ठिकाणापुरते बांधून घातले गेले, आणि शहर बहुतांशी शांत राहिले. तुम्ही पाहिलेली भीषण दृश्ये बहुधा उत्तरेकडील कानोसारख्या शहरांची असतील; तेथे संचारबंदी लागली, आणि ॲम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेच्या पाहणीनुसार देशात किमान २४ जण मारले गेले, जे पोलिसांना मान्य नाही. पकडलेल्यांपैकी ७६ जणांना नोव्हेंबरमध्ये राजधानी अबुजाच्या न्यायालयात राजद्रोहासारख्या आरोपांखाली उभे केले, त्यात अनेक अल्पवयीन मुले होती. उपासमारीने खंगलेली त्यातली चार मुले न्यायालयातच कोसळली. देशभर संताप उसळला, राष्ट्राध्यक्षांनी सुटकेचा आदेश दिला आणि खटला मागे घेतला गेला. कोठडीतले तीन महिने मात्र त्या मुलांना कोणी परत देणार नाही.

परदेशी माणसाच्या दृष्टीने याच ऑगस्टच्या आंदोलनाशी जोडलेल्या दोन गोष्टी लक्षात ठेवा. कानोमध्ये काही निदर्शकांनी रशियाचे झेंडे फडकवले होते; त्या प्रकरणात वॉर्सा विद्यापीठाचे सहा विद्यार्थी आणि एक प्राध्यापक, असे सात पोलिश नागरिक पकडले गेले. आपली माणसे केवळ चुकीच्या वेळी चुकीच्या ठिकाणी होती असे त्यांच्या सरकारने सांगितले, तरी सुटकेला सुमारे दोन आठवडे लागले. अबुजात कामगार महासंघाच्या इमारतीत पुस्तकांचे दुकान चालवणाऱ्या एका ब्रिटिश नागरिकाला पोलिसांनी सरकार उलथवण्याच्या कटाखाली फरारी घोषित केले. आंदोलनामागे बाहेरचा हात आहे असे म्हणणे कोणत्याही सरकारला सोयीचे असते, आणि आपण येथे बाहेरचेच आहोत. म्हणून मुलाला समोर बसवून स्पष्ट सांगा: निदर्शनांच्या जागी जायचे नाही, लांबूनही चित्रीकरण करायचे नाही, येथील राजकारणावर समाजमाध्यमांत लिहायचे नाही, कोणाच्या आंदोलनाला पैसे पाठवायचे नाहीत. त्याची सहानुभूती मनात असू द्या; ती चांगलीच गोष्ट आहे. पण आपला निवास परवाना मालकाच्या नावावर मिळतो आणि मुलाच्या एका पोस्टची किंमत तुमची नोकरी असू शकते. पुढचे शिक्षण येथील सरकारी विद्यापीठात घेण्याचा विचार असेल तर तो सोडा. २०२० आणि २०२२ या दोन्ही वर्षी ती विद्यापीठे संपामुळे कित्येक महिने बंद होती.

घरात दोन आठवड्यांचा शिधा, पिण्याचे पाणी, गॅस, मलेरियाची औषधे आणि थोडी रोख रक्कम कायम असू द्या. १२ जूनचा लोकशाही दिन, १ ऑक्टोबरचा स्वातंत्र्यदिन आणि २० ऑक्टोबरचा स्मृतिदिन या तारखांना प्रवास ठेवू नका. लेक्कीच्या बाजूला तर नकोच. संचारबंदीची कुणकुण लागली की जेथे असाल तेथेच थांबा, घर गाठायच्या नादात पुलावर अडकू नका.

आणखी एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण तुमच्या हाताखाली शंभरेक तरुण काम करणार आहेत म्हणून सांगतो. त्यांचा पगार नायरात असेल आणि तुमचा बहुधा डॉलरशी बांधलेला. नायरा घसरला तेव्हा तुमच्या पदावरील माणसाचे काही बिघडले नाही आणि त्यांचा पगार अर्ध्याहून कमी मोलाचा झाला. आंदोलनाच्या दिवशी गैरहजर राहिलेल्याचा खाडा मांडण्याआधी त्या दिवशी त्याच्या रस्त्यावर बस होती का, याची चौकशी करा. पोलिसांनी कोणाला उचलले तर कंपनीचे ओळखपत्र आणि मनुष्यबळ विभागातील माणूस तासाभरात ठाण्यात पोहोचेल अशी व्यवस्था ठेवा. पहिल्या तासात कोणीतरी नाव घेऊन विचारायला गेले तर बहुतेक वेळा माणूस सुटतो, उशीर झाला की आरोप लागतो. आमच्याकडे हे बरेच जण मानतात आणि काही जण मुळीच मानत नाहीत, पण मला यात कर्तव्यच दिसते.

करारावर सही करण्यापूर्वी कंपनीला लेखी विचारा: निवासस्थान कारखान्यापासून किती दूर आहे आणि मधे मोठा पूल येतो का, संचारबंदीत कामगारांना आत ठेवावे लागल्यास अन्नपाण्याची आणि जादा पगाराची तरतूद काय, आणीबाणीत कुटुंबाला परत पाठवण्याचा खर्च कोणाचा, आणि निवास परवाना येण्याआधीच्या काळात पारपत्रे कोणाच्या ताब्यात राहणार. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर "कंपनीच्या" असे आले तर मला पुन्हा लिहा, सही करू नका. पीतज्वराची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घेऊन तिचे पिवळे कार्ड हातातल्या सामानात ठेवा, ते विमानतळावर मागतात.