हिमाचलमधल्या काझाचा भूगोल आणि हवामान कसं आहे? आईवडिलांना घेऊन कधी जावं?

काझाबद्दल वाचताना आधी पाऊस डोक्यातून काढून टाका. तिथलं पाणी बर्फाचं असतं. शेती, घरं, रस्ते, सगळं त्या बर्फावर ठरतं.

गाव स्पिती नदीच्या डाव्या काठावर, साधारण ३,७०० मीटर उंचीवर आहे. कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे हे तिच्या दुपटीहून उंच. मोसमी वारे धौलाधार आणि पीर पंजालच्या रांगा चढतानाच रिकामे होतात आणि स्पिती पर्जन्यछायेत राहते. महाबळेश्वर भिजतं आणि माण-खटाव कोरडं राहतं, तोच प्रकार, पण कितीतरी मोठ्या प्रमाणावर. हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारी वादळं (पश्चिमी झंझावात) मात्र या रांगा ओलांडून येतात आणि बर्फ टाकतात. जानेवारीत रात्री पारा उणे २० ते २५ पर्यंत उतरतो. जुलैत दिवसा विशीच्या पुढे जातो, तरी रात्री स्वेटर लागतोच. दुपारनंतर खोऱ्यातून जोराचा, धुळीचा वारा सुटतो, म्हणून बाहेरची कामं सकाळी उरकलेली बरी.

वर्षाला पीक एकच: वाटाणा, जव, थोडा बटाटा. बर्फ हटला की एप्रिल-मेमध्ये पेरणी होते. पाणी वरच्या हिमनाल्यांतून 'कूल' नावाच्या पाटांनी येतं. बऱ्याच ठिकाणी ते रात्री छोट्या तळ्यात साठवतात आणि दिवसा पाळीपाळीने सोडतात. हिवाळ्यात बर्फ कमी पडला, तर उन्हाळ्यात वाटाणा भरायच्या वेळी पाट आटतात. उन्हाळी पाऊस ही भरपाई करू शकत नाही, उलट नुकसान करतो. जुन्या घरांच्या भिंती कच्च्या मातीच्या आणि छपरं सपाट, लाकूड-फांद्यांवर माती थापलेली. बर्फ फावड्याने लोटून देता येतो, पण संततधार पाऊस मातीत मुरतो आणि छत गळायला लागतं. डोंगरउतारांवरही सुटा मुरूम आणि दगडगोटेच आहेत. झाडांची मुळं धरून ठेवायला नाहीत, त्यामुळे थोड्या पावसातही दगड रस्त्यावर येतात.

हे दगड मुळात समुद्राच्या तळाचे आहेत, म्हणून वरच्या लांगझा गावाजवळ शंखांचे जीवाश्म सापडतात. आपल्या देवघरातला शाळिग्राम त्याच जातीचा, फक्त नेपाळच्या गंडकीतला. ते बघा, पण उचलू किंवा विकत घेऊ नका.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे. काझाला दोन वाटा आहेत. मनालीहून सुमारे २०० किलोमीटर, पण कुंझुम खिंड ४,५५१ मीटरवर आहे आणि ती साधारण नोव्हेंबर ते मे बंद असते. मनालीजवळचा अटल बोगदा रोहतांग खिंड टाळतो, कुंझुम टाळत नाही. या वाटेवर रस्त्यावरून वाहणारे नाले दुपारच्या आत ओलांडा. ऊन चढलं की वरचा बर्फ वितळतो आणि सकाळी घोटाभर असलेलं पाणी दुपारी गाडी अडवतं. शिमला-किन्नौरची वाट दुपटीहून लांब, पण हळूहळू चढते. आईवडील बरोबर असतील तर माझं मत ठाम आहे: सप्टेंबर महिना आणि किन्नौरची वाट. जुलै-ऑगस्टमध्ये किन्नौरात दरडी जास्त कोसळतात.

मुक्काम कल्पा (सुमारे २,९०० मीटर), मग ताबो (सुमारे ३,३००), मग काझा असे ठेवा. कल्पाला दोन रात्री राहिलात तर उत्तम. काझात हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन-तृतीयांशच असतो, त्यामुळे पहिल्या दिवशी लांगझा-कोमिकसारख्या ४,४०० मीटर किंवा त्याहून उंच गावांना जाऊ नका. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना उंची सांगून विचारा. स्वतः स्वयंपाक करणार असाल तर कुकर हवाच. पाणी ८८ अंशांच्या आसपास उकळतं, उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही.

उंचीचा त्रास डोकं दुखणं, भूक मरणं, झोप न लागणं इथवर असेल तर विश्रांती पुरते; वर मात्र चढू नका. उलट्या थांबत नसतील, चालताना तोल जात असेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर सकाळची वाट न बघता काझाच्या दवाखान्यात न्या आणि तिथून खाली उतरायची तयारी ठेवा. उतरायचं ते ताबो-किन्नौरच्या बाजूनेच, कारण मनालीकडे जाताना आधी कुंझुम चढावी लागते.