सामान आणि ॲक्सेसरीजमुळे जड झालेल्या ऑफ-रोड गाडीचं सस्पेन्शन कसं सुधारावं?

तुम्ही लिहिलंय की पुढे लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारं यंत्र), आत ड्रॉवर आणि पाण्याची टाकी, मागच्या दारावर जादा स्टेपनी आणि छतावर तंबू बसवल्यापासून गाडी मागून बसली आहे आणि कच्च्या रस्त्यावर आदळते. दोन इंची लिफ्ट किट (गाडी उंच करणारा संच) घ्यावं की एअरबॅग (स्प्रिंगला मदत करणारी हवेची पिशवी), असा तुमचा प्रश्न आहे.

यातलं काहीही घेण्याआधी गाडी वजनकाट्यावर न्या. टाकी भरलेली, माणसं बसलेली, नेहमीचं सगळं सामान लादलेलं, अशा अवस्थेत आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, मग फक्त मागची. स्प्रिंग पुढच्यामागच्या वेगवेगळ्या निवडायच्या असतात, त्यामुळे गाडीचं एकूण वजन एवढा एकच आकडा फारसा कामाचा नाही. दोन्ही ॲक्सलवरचा भार कळला की निम्मा प्रश्न सुटतो.

वस्तू कुठे बसवली आहे यावर बरंच अवलंबून असतं. व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधलं अंतर) २.५ मीटर आहे आणि मागच्या ॲक्सलच्या १ मीटर मागे, दारावर, तुम्ही ६० किलो लटकवले असं धरा. मागच्या ॲक्सलवर ६० नव्हे, ८४ किलो वाढतात आणि पुढच्या ॲक्सलवरचे २४ किलो कमी होतात. तेच ६० किलो दोन्ही ॲक्सलच्या मधोमध ठेवले तर मागे फक्त ३० येतात. म्हणून पाण्याची टाकी शेपटाकडून काढून पुढच्या सीटच्या मागे, जमिनीलगत आणता आली, तर तो फायदा कुठल्याही किटपेक्षा मोठा आहे. छतावरच्या तंबूचं मात्र तसं नाही. त्याने गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो आणि कोणतीही स्प्रिंग तो खाली आणू शकत नाही. रॅकची खडबडीत रस्त्यासाठीची मर्यादा डांबरी रस्त्यापेक्षा बरेचदा कमी दिलेली असते, ती जरूर वाचा.

आता स्प्रिंग. इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, कारण उंची आणि कडकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि 'लिफ्ट' या एका शब्दात दोन्ही मोजल्या जातात. समजा, तुमची मागची एक कॉइल (गुंडाळीची स्प्रिंग) ३० किलोला १ सेंटिमीटर दबते. ॲक्सलवर १२० किलो वाढले, म्हणजे प्रत्येक बाजूला ६०, तर गाडी साधारण २ सेंटिमीटर खाली येणार. तितक्याच कडक पण लांब स्प्रिंग घातल्या तरी ती २ सेंटिमीटरच दबेल, फक्त सुरुवात वरून होईल. स्पेसरचंही (स्प्रिंगला उंची देणारी चकती) तेच. गाडी उंच दिसते, भार पेलायची ताकद तेवढीच राहते.

कडकपणा तारेच्या जाडीवर फार ठरतो. बाकी मापं तीच ठेवून कॉइलची तार १० टक्के जाड केली, तर ती जवळजवळ ४६ टक्के कडक होते. त्यामुळे 'थोडी जाड' वाटणारी स्प्रिंगसुद्धा गाडीचा स्वभाव पार बदलून टाकते. कमानपाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) गाडीत एक जादा पाटा घालणं हा जुना उपाय आहे आणि तो चालतो, पण पाटे थकून सपाट झाले असतील तर अख्खा संच बदलणंच योग्य.

मी स्प्रिंग निवडताना एकच कसोटी लावतो: गाडीवरून कधीच न उतरणारं वजन किती? बंपर, विंच, ड्रॉवर, रॅक हे कायमचं वजन. पाणी, जादा इंधन, माणसं, तंबू हे येणारं-जाणारं. स्प्रिंग कायमच्या वजनाला जुळवा. वर्षातून दोनदा होणाऱ्या भरगच्च प्रवासाच्या हिशेबाने घेतलेली स्प्रिंग उरलेले दिवस रिकाम्या गाडीला उडवत राहते, चाक जमीन सोडतं आणि चढावर पकड सुटते. उत्पादक बहुधा 'इतक्या ते इतक्या किलो कायम भारासाठी' अशा श्रेणीत स्प्रिंग देतात. दोन श्रेणींच्या सीमेवर असाल, तर मी हलकी घेईन.

येणाऱ्या-जाणाऱ्या वजनासाठी एअरबॅग कामाची आहे. कॉइलच्या आत बसणारी बॅग लादताना फुगवायची, उतरवल्यावर हवा कमी करायची. थकलेल्या स्प्रिंगचं काम मात्र तिच्यावर टाकू नका. पाट्यांच्या पिकअपमध्ये तर विशेष जपा. पाटा ॲक्सलच्या पुढे आणि मागे अशा दोन ठिकाणी चासीला भार देतो, बॅग तो ॲक्सलच्या वर एकाच जागी देते. मागे बरंच वजन लटकत असेल तर चासी नेमकी तिथे वाकू शकते.

शॉकअब्सॉर्बर मागाहून बघू, असं करू नका. स्प्रिंग वजन पेलते, शॉक तिची उसळी आवरतो. कडक स्प्रिंग दबून परत येते ती जास्त जोराने, आणि जुन्या शॉकला ती आवरत नाही. वजन आणि कडकपणा दोन्ही २० टक्क्यांनी वाढले, तर गाडी पूर्वीसारखी स्थिर राहायला शॉकची उसळी आवरायची ताकदही साधारण २० टक्क्यांनी वाढायला हवी. शिवाय खडखडत्या कच्च्या रस्त्यावर शॉकमधलं तेल तापून पातळ होतं, त्यात वायू मिसळला की शॉक काम करेनासा होतो. तुम्ही असे रस्ते तासन् तास चालवत असाल, तर जास्त तेल मावणाऱ्या शॉकवर खर्च करा. चमकदार रंगावर जाऊ नका.

उंची किती वाढवावी? मी ५० मिलिमीटरच्या वर जाणार नाही. त्यापुढे पुढच्या ड्राइव्हशाफ्टच्या सांध्यांचे कोन वाढतात, कॅस्टर (स्टीअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे कल) बिघडून स्टीअरिंग आपोआप सरळ येईनासं होतं, सलग ॲक्सल असेल तर पॅनहार्ड रॉड (ॲक्सलला आडवं जागेवर धरणारा दांडा) त्याला एका बाजूला ओढतो, ब्रेकचे होज (रबरी नळ्या) ताणले जातात. अलाइनमेंट तर थोड्या लिफ्टनंतरही करायचीच. आणखी एक गोष्ट मेकॅनिकला आवर्जून विचारा: मागच्या ॲक्सलला भार ओळखणारा ब्रेक व्हॉल्व्ह आहे का? गाडी मागून उंच झाली की त्या व्हॉल्व्हला ती रिकामी वाटते आणि तो मागच्या ब्रेकचा दाब कमी करतो. सगळ्यात जड गाडीला मागे सगळ्यात कमी ब्रेक मिळतो. त्याचा रॉड किंवा ब्रॅकेट नव्या उंचीला जुळवून घ्यावाच लागतो.

काट्यावरचा आकडा गाडीच्या कमाल एकूण वजनाच्या किंवा एखाद्या ॲक्सलच्या मर्यादेबाहेर गेला असेल, तर सस्पेन्शन हे त्याचं उत्तर नाही. ती मर्यादा ठरवताना ब्रेक, ॲक्सल, बेअरिंग, टायर, चासी सगळं धरलेलं असतं. नुसत्या स्प्रिंग बदलल्याने कागदावर किंवा रस्त्यावर काही वाढत नाही. अशा वेळी सामान उतरवा, मला दुसरा मार्ग दिसत नाही.

काम करून घेताना सस्पेन्शनच्या सांध्यांतल्या रबरी बुशांचे बोल्ट गाडी जॅकवर असताना शेवटचे आवळू देऊ नका. चाकं जमिनीवर, वजन गाडीवर असतानाच आवळायचे, नाहीतर बुश कायम पिळलेले राहून लवकर फाटतात. आधी आणि नंतर चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची लिहून ठेवा, म्हणजे टायरमधल्या हवेचा फरक मोजमापात येत नाही. काहीशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट (कमानपाटे ॲक्सलला बांधणारे) पुन्हा आवळा, उंची पुन्हा मोजा, आणि हेडलाइटचा झोत खाली करून घ्या.